तिच्या डोक्याला तेल नको

माझ्या लेकीला हाक मारली की ती वळून बघत नाही. नावानं मारा, लाडानं मारा, ओरडून मारा, मागं ताटली आपटा. बाई ढिम्म! आमच्या टोकावड्यात आता सगळ्यांना हे ठाऊक झालंय. कुणी नवीन माणूस तिला हाका मारून दमला की जवळचं कुणीतरी सांगतं, "ती नाय बघायची. तुमी तुमचं काम करा."

मी माळशेजच्या रस्त्याला एका ढाब्यावर भाकऱ्या करते. शनिवार-रविवारी घाटात जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा तव्यावरून मान वर काढायची सोय नसते. शाळा सुटली की लेक माझ्याकडं येते आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीत जाऊन उभी राहते. गिरणीवाल्यानं तिच्यासाठी भिंतीशी एक स्टूल ठेवलंय, पट्ट्यापासून चांगलं लांब. त्या फिरणाऱ्या पट्ट्याकडं ती बघत राहते. मला आधी वाटायचं, काय बघते ही येड्यासारखी? मग एकदा मीच शेजारी उभी राहिले. त्या पट्ट्याला एका जागी जोड मारलाय, तो जोड दर फेऱ्याला वर येतो आणि टप्प वाजतो. ती त्या जोडाची वाट बघते. आला की हाताची बोटं जराशी हलवते, की पुन्हा वाट बघायला मोकळी. खरं सांगते, थोडा वेळ मलाही नाद लागला. तव्यावर भाकरी करपली आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या.

तिला ऑटिझम आहे हे ती लहान असतानाच कळलं होतं. मराठीत स्वमग्न म्हणतात म्हणे. ज्यानं कुणी हा शब्द काढला त्याला एकदा आमच्या गिरणीत आणून उभं करायला हवं. पोर स्वतःत कुठं मग्न असते? ती त्या पट्ट्यात असते! पण शब्दाशी भांडण्यात काय अर्थ. कान तपासून झाले होते, ते ठणठणीत होते. बोलायची ती फार थोडं, तेही तिला वाटलं तर. मी बऱ्यापैकी सरावले होते. माझी पोर अशी आहे, ज्याला बघायचं त्यानं बघावं, नाहीतर डोळे मिटावे, असा माझा खाक्या.

मग एका दुपारी ते झालं. मी भांडी विसळत होते. लेक गिरणीतून निघून कधी रस्त्याच्या कडेला गेली कळलंच नाही. बघते तर डांबरावर पाऊल, नजर समोरच्या वाहनाच्या चाकावर, आणि घाटाकडून खडीचा डंपर येतोय. मी जीव खाऊन ओरडले. तिच्या मानेची शिरसुद्धा हलली नाही. मी धावले, पण मधे अख्खं अंगण. डंपरवाल्यानं ब्रेक दाबला, गाडी कर्कश ओरडत तिरकी झाली. खाली उतरून त्यानं मला काय काय सुनावलं, ते मी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला बोललं आणि मी उलटून बोलले नाही.

त्या दिवसानंतर माझ्या डोक्यात एकच किडा. हिला ऐकू येतं तर ही वळत का नाही? जीव जायची पाळी आली तरी?

शहापूरला एका दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरबाई पंधरवड्यानं यायच्या, मशीन गाडीत घालून. त्यांच्याकडं गेले. बाई शांत. मी बडबडत होते ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं, लेकीला छताकडं बघत बसू दिलं, आणि मग समजेल असं सांगितलं. मेंदूत सतत बारीक वीज खेळत असते, सगळ्यांच्याच. डोक्यावर वायरी चिकटवून ती पडद्यावर बघता येते. ऑटिझम असलेल्या काही मुलांत ही वीज मधूनच भडकते. हात-पाय झाडत नाही मूल, तोंडाला फेस येत नाही, नुसतं थिजल्यासारखं होतं. तेवढा वेळ ते जागेवर नसतंच. त्याला हाक पोचत नाही. तसं असेल तर औषध सुरू करावं लागेल आणि ते बरीच वर्षं चालेल.

"आणि तसं नसलं तर?" मी विचारलं.

"तर ती जागेवर असते. ऐकते. फक्त वळत नाही."

खरंच सांगते, यातलं काय बरं हेच मला कळेना. मी हाक मारते तेव्हा माझी पोर तिथं असते की नसते, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. त्याच्यावर सगळं होतं. औषध, शाळा, रस्ता, आणि माझं मन.

तपासणीची पथ्यं सोपी होती. आदल्या दिवशी शाम्पूनं डोकं धुवायचं. तेलाचा थेंब नको, नाहीतर वायरी चिकटत नाहीत. आणि पोरीला पहाटे लवकर उठवायचं, म्हणजे तिथं तिला झोप लागेल. जागेपणीची वीज आणि झोपेतली वीज, दोन्ही बघायची असते.

माझं माहेर किन्हवलीचं. टोकावड्याहून शहापूर म्हणजे सरळगावला गाडी बदला, पुढं पुन्हा वाट बघा. म्हणून ठरवलं, आदल्या दिवशी माहेरी जायचं, तिथून सकाळी शहापूर जवळ पडतं. डोकं धुवायचं महाभारत मी घरीच उरकलं. डोक्यावर पाणी म्हणजे माझ्या लेकीला कुणी जीव घेतंय असं वाटतं. डोक्याला कुणी हात लावलेला तिला खपत नाही, माझासुद्धा. फणी तर मी ती पट्टा बघत असताना चोरून फिरवते.

तिच्या डोक्याला हात लावू शकतं असं जगात एकच माणूस आहे, माझी आई. आईचे हात भातलावणी करून करून राकट झालेले. ती लेकीला दोन्ही गुडघ्यांच्या मधे बसवते, पाठीमागून अंगठे टाळूवर रोवते आणि असं दाबते की मला बघूनच दुखतं. लेक मात्र डोळे मिटून घेते. मी हळुवार फिरवला हात तर किंचाळते आणि आजीनं रगडलं तर मांजरासारखी सुस्तावते. मला याचा किती राग यायचा! मी जन्म दिला, आणि माझा हात हिला चटका लागल्यासारखा?

तर माहेरी पोचल्या पोचल्या आईला बजावलं. "तिच्या डोक्याला तेल नको. उद्या मशीन लावायचंय."

"बरं."

जेवताना पुन्हा सांगितलं. झोपताना पुन्हा.

"कळलं गो बाय! बहिरी हाय का मी?"

पहाटे लेकीला उठवलं, मी आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर पोरगी ओट्यावर आजीच्या गुडघ्यांमधे बसलेली, केस चापूनचोपून बसवलेले, दोन वेण्या, आणि खोबरेलाचा असा ओघळ की कानामागून मानेवर उतरलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई! काय केलंस तू हे?"

आईनं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. तिचा चेहराच उतरला. "अगं, हातालाच होतं जरासं..."

"जरासं? भजी तळून निघतील एवढ्यात!"

आता आईची बाजूही सांगते, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. आजोळाहून निघालेलं पोर कोरड्या डोक्यानं उंबरा ओलांडत नाही, असा आमच्या घरचा रिवाज. माझ्या आईच्या आईनं माझ्या डोक्यावर थापलं, आईनं माझ्या भाच्यांच्या. कुणाच्या घरचं पोर कोरडं फिरताना दिसलं की आई म्हणते, "हिला आजी नाय का कुणी?" त्यात डॉक्टरकडं जायचं, मोठ्या गावाला. तिनं काही मुद्दाम केलं नव्हतं. पोर पुढ्यात येऊन बसली आणि आईच्या हातांनी त्यांचं नेहमीचं काम केलं. डोक्यातल्या आठवणीला हातांनी विचारलंच नाही.

तरी गेलो, आईही बरोबर. मशीन लावणारी मुलगी चांगली होती, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. तिनं केसाला बोट लावलं आणि कसंनुसं तोंड केलं. "ताई, हे नाही चिकटणार." दुकानातून शाम्पूच्या पुड्या आणल्या, दवाखान्याच्या मोरीत धुवायला घेतलं. पुढचं काय सांगू! पोरीनं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. मला चावली. बाहेर रांगेत बसलेली माणसं उठून दारात येऊन बघायला लागली, त्यांच्यावर मी खेकसले. अर्धं तेल गेलं, अर्धं राहिलं, झोप तर कुठल्या कुठं पळाली. शेवटी डॉक्टरबाईच म्हणाल्या, पुढच्या वेळी करू, तिला आणखी त्रास नको.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी, मी या टोकाला, मधे लेक. किन्हवली येईपर्यंत मी आईशी एक शब्द बोलले नाही. उतरताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेला मी येऊ का नको?" मी म्हटलं, "नको. अजाबात नको." आणि गाडी पुढं गेल्यावर रडायला लागले. पंधरा दिवस! पंधरा दिवस आता मी पोरीचा हात सोडायची नाही, आणि तिला हाक मारायची भीती वाटणार.

वाटलीच. हाक मारली आणि ती नाही वळली की मी तिचे डोळे बघत बसायची. आता गेली का? आत्ता भडकली का वीज? भाकरी थापता थापता गिरणीकडं बघायची. आमचे हे टेम्पो चालवतात, ते म्हणायचे, "तू जरा दम धर. पोर आपली हाय तशीच हाय." म्हणायला सोपं असतं. रात्री तेही तिच्या तोंडाकडं बघत बसलेले मी पाहिलेत.

पुढच्या खेपेला मी किन्हवलीला थांबायचंच नाही असं ठरवलं. ह्यांच्या टेम्पोतूनच पहाटे निघालो. किन्हवलीचा स्टँड आला तर तिथं आई उभी! नवं लुगडं नेसून, हातात पिशवी. तिला कुणी सांगितलं ते ह्यांच्या तोंडावरूनच कळलं. मी काही बोलायच्या आत तिनं दोन्ही तळहात माझ्या नाकापुढं धरले. "वास घे. साबणानं धुतलेत. काल सकाळपासून तेलाच्या बाटलीला शिवले नाय." काय करणार? हसू आलं मला. सरकले आत.

दवाखान्यात मशीनवाल्या मुलीनं टेप काढली, डोकं मोजायला. लेकीनं मान आखडली. टेप लागली तशी किंकाळी. मी धरायला गेले तर आणखी वाईट. ती मुलगी म्हणाली, झोपेचं औषध देऊन बघता येईल, पण डॉक्टरांना विचारावं लागेल. माझा जीव टांगणीला. दारात आई उभी होती, तिला आत यायची छाती होत नव्हती. मीच म्हटलं, "ये. बस."

आई फरशीवर बसली, भिंतीला टेकून. लेक आपली आपण जाऊन तिच्या गुडघ्यांमधे बसली. आईनं अंगठे रोवले. पोरीचे खांदे खाली आले. मशीनवाली मुलगी बघतच राहिली, मग तीही फरशीवर मांडी घालून बसली. वायर लावायच्या आधी त्या जागेची कातडी खरखरीत मलमानं घासायची असते. ते मलम तिनं आईच्या बोटाला लावलं.

"हे कसलं तेल गो? ह्यात वाळू हाय," आई म्हणाली.

"आजी, थोडंसंच. मी दाखवते तिथंच."

मग दोघींचं जमलं. मुलगी बोटानं जागा दाखवायची, आई रगडायची, आईचा अंगठा उठला की त्याच जागी मुलगी चिकट लेप लावून वायर बसवायची आणि वर पट्टी. मधेच मुलीचा हात आधी गेला की लेक कुरकुरायची. मग आई म्हणायची, "थांब जरा, आधी मी." दोघी सासू-सुनेनं पापड लाटावेत तशा लागल्या होत्या कामाला. मी कोपऱ्यात उभी. मला आईचा राग येत नव्हता आणि स्वतःचंही वाईट वाटत नव्हतं. नुसतं वाटत होतं, बरं झालं ही माझी आई आहे.

वायरींचा झुबका घेऊन लेक खाटेवर आडवी झाली. वर पंखा होता. झालं, लागली बघायला! नेहमीसारखी नजर लागली, पापणी लवेना. मशीनवाली मुलगी हळूच म्हणाली, "ताई, आता हाक मारा." मी मारली. नाही वळली. पुन्हा मारली. माझा आवाज फाटला असेल बहुतेक. नाही वळली. मुलीनं बटण दाबून मशीनवर त्या वेळेची खूण केली. मग हळूहळू पोरीचे डोळे मिटले. सगळं सामसूम. आणि आमच्या मातोश्रींनी पिशवीतून सुपारीचा डबा काढला नि त्याचं झाकण खण्णकन उघडलं. "गप बस की गो!" मी दबक्या आवाजात खेकसले. मुलीनं पुन्हा बटण दाबून काहीतरी टिपलं.

दुपारनंतर डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. पडद्यावर रेघाच रेघा, भाताच्या खाचरात ओळीनं रोपं लावावीत तशा. मी म्हटलं, बाई, मला नुसतं हो का नाही ते सांगा.

"झटके दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "एका तपासणीत सगळं सापडतंच असं नसतं, म्हणून लक्ष ठेवू. पण आपलं नशीब चांगलं. ती जशी हरवते म्हणता, तशी इथंच हरवली. ही बघा, पंख्याकडं बघतेय ती वेळ. तुमची हाक इथं आणि इथं. वीज कुठंही भडकलेली नाही. ती पूर्ण जागी आहे. जागेवर आहे."

मग त्यांनी झोपेतला भाग काढला. शांत रेघा, आणि मधेच सगळ्या रेघांत एक उंच लाट. "झोपेत आवाज पोचला की मेंदू असा उठून बसतो क्षणभर. हे डब्याचं झाकण. आणि ही दुसरी लाट..." त्यांनी मुलीनं टिपलेली खूण वाचली आणि हसल्या. "ही तुम्ही आईला गप्प केलंत ती."

माझं बोलणं माझ्या लेकीच्या मेंदूत पोचलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. काय लाडाचं बोलणं होतं! पण मी त्या लाटेवरून नजर काढू शकले नाही. रडू आलं, हसूही आलं. डॉक्टरबाईंनी समजावलं, अशी लाट कुणाच्याही मेंदूत कुठल्याही आवाजानं येते, त्यात फार काही शोधू नका. अशा मुलांच्या मेंदूच्या कामात फरक असतात. काहींत मेंदूचे जवळचे भाग आपसात फार बोलतात आणि लांबचे कमी, पण प्रत्येकाचं वेगळं, आणि एका पोराचा आलेख बघून तो फरक सांगता येत नाही. आपला मेंदू कानावर पडलेल्यातलं बरंचसं टाकून देतो, म्हणून हाक उठून कळते. हिला पंखा, गाडी, झाकण, आई, सगळं एकदम येत असेल. "हाक मारून वळायची वाट बघू नका," त्या म्हणाल्या. "सांगायचं ते सांगून टाका, थोडक्यात. आणि उत्तराला वेळ द्या. रस्त्यावर मात्र हात धरायचा."

बाहेर येऊन ह्यांना सांगितलं, "ऐकते ती. सगळं ऐकते आणि वळत नाय! कुणावर गेलीय कळलं का?" ह्यांनी नेहमीप्रमाणे ऐकलं न ऐकल्यासारखं करून टेम्पो चालू केला. आई मागं बसून पोरीच्या केसातलं मलम नखानं काढत होती.

तेव्हापासून मी तिच्या पाठीशी बोलते. पूर्वी मी आधी हाक मारायची, ती नाही वळली की सांगायचंच सोडून द्यायची. म्हणजे एवढी वर्षं मी माझ्या लेकीशी बोललेच नव्हते, नुसत्या हाका मारल्या होत्या. आता भाजी चिरता चिरता सांगते: आज मालकानं कसा ताप दिला, कुणाच्या म्हशीनं कुणाचा पेंढा खाल्ला, आणि उद्या काय आहे. ती पाठ करून बसलेली असते, दोरी गुंडाळत नाहीतर भिंतीच्या भेगेत बोट घालत. उत्तर नाही. मी म्हणते, नको देऊ. पोचतंय ना, मग झालं.

मधे एका लग्नाची मोठी ऑर्डर आली. मी त्या पाठीला सांगितलं, "उद्या मी उजाडायच्या आधी जाणार. तू झोपलेली असशील. दूध बाबा देतील. मी नाय दिसले तर घाबरू नको, ढाब्यावरच असेन." ती दोरी गुंडाळत राहिली.

पहाटे दार उघडलं तर लेक उंबऱ्यावर बसलेली, रस्त्याकडं तोंड करून. कधी उठली देवाला ठाऊक. तिच्यापुढं पायरीवर चपला मांडून ठेवलेल्या, टोकं रस्त्याकडं, घालायच्याच तेवढ्या बाकी. एक माझी, एक तिच्या बापाची.

मी तिथंच तिच्या मागं उभी राहिले. तिनं वळून बघितलं नाही. मी म्हटलं, "येते हां," आणि त्याच चपला घातल्या. दिवसभर ढाब्यावर एक पाय फटक फटक वाजत होता, सगळे हसत होते. हसू दे.